टाके घातले, पण स्नायू तपासला होता का?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी खासगी रुग्णालयात माझी पहिली प्रसूती झाली. बाळाला चिमटा लावून काढावं लागलं. खालची जागा फाटली, टाके पडले. तेव्हापासून वायू आवरत नाही, शौचाची भावना झाली की धावावं लागतं. विचारलं की ‘नॉर्मल डिलिव्हरीत होतंच असं’ एवढंच उत्तर मिळे. आता दुसऱ्या डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली, तेव्हा गुदद्वाराचा स्नायू तुटलेला निघाला. मला दाद मागता येईल का?

उत्तर : ताई, येईल. पण आधी एक सांगते. जागा फाटली म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. पहिलं बाळंतपण आणि त्यात चिमटा, म्हणजे मोठी फाट पडण्याचा धोका जास्तच, आणि ती उत्तम डॉक्टरांच्या हातूनही पडते. परिणाम वाईट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमची बाजू उभी राहते ती फाट पडल्यानंतर काय झालं यावर.

फाटीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी, दुसरीत खालचे स्नायू, तिसरीत गुदद्वाराचा स्नायू, चौथीत आतलं अस्तरही. टाके घालण्याआधी गुदद्वारात बोट घालून तपासायचं असतं, ते तिसरी-चौथी ओळखण्यासाठीच. ती सापडली तर बहुधा ऑपरेशन थिएटरमध्ये, नीट भूल देऊन स्नायू जोडतात. पुढे अँटिबायोटिक, शौच मऊ ठेवणारं औषध, व्यायाम आणि काही आठवड्यांनी फेरतपासणी. तुमच्या कागदांत यातलं काय आहे, तेच मला पाहायचं आहे.

म्हणून आजच संपूर्ण केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. प्रसूतिगृहातली नोंद, नर्सच्या नोंदी, संमतिपत्रं, सगळं मागा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मागणी केल्यापासून 72 तासांत कागद देणं वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हाती आले की टाक्यांची ओळ शोधा. ‘सेकंड डिग्री टेअर, स्यूचर्ड’, म्हणजे दुसऱ्या पायरीची फाट, टाके घातले, एवढंच लिहिलंय आणि गुदद्वार तपासल्याचा उल्लेखच नाही, तर ती ओळ तुमचा सर्वांत मोठा पुरावा ठरू शकते. तपासल्याचं लिहिलेलं असेल तर लढाई अवघड होईल, हेही आत्ताच सांगून ठेवते.

दुसऱ्या डॉक्टरांकडून सोनोग्राफीचा अहवाल आणि स्नायू कधी तुटला असावा, तेव्हाच लक्षात यायला हवा होता का, याचं लेखी मत घ्या. तज्ज्ञाच्या मताशिवाय अशी तक्रार टिकणं कठीण.

पैसे घेऊन सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येतं, हे 1995 पासून ठरलेलं आहे. तेव्हा भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची. ‘मला कळलंच आत्ता’ या भरवशावर राहू नका. पोटात गॉज राहिल्याच्या एका प्रकरणात बाईंना खूप उशिरा कळलं होतं, तरी त्रास आधीपासून असल्याने त्यांनी वेळीच शोध घ्यायला हवा होता, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली तक्रार मुदतबाह्य ठरवली. त्रास तुम्हालाही पहिल्यापासून होता. मुदत प्रसूतीच्या दिवसापासूनच मोजा.

पोलिसांत जाण्याचा सल्ला कोणी देईल. मी देणार नाही. फौजदारी गुन्ह्याला फार ढोबळ निष्काळजीपणा लागतो आणि त्यात तुमचीच दमछाक होईल. राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, पण तिथे भरपाई मिळत नाही.

आणि ताई, खटल्यासाठी उपचार थांबवू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का ते विचारा. पुढचं बाळंतपण कसं व्हावं, हेही या दुखापतीवर अवलंबून राहील. प्रत्येक बिल जपा. एका वहीत तारीख घालून लिहा : आज किती वेळा धावावं लागलं, पॅड लागलं का, कुठे जायचं टाळलं. हे लिहिताना लाज वाटेल, मला कळतं. माझ्याकडे याल तेव्हा केसपेपरसोबत ती वहीही आणा.