ब्रँड कुणी बदलला ते सोडा, तारखा मोजा

नाशिक रोडहून एका शीतपेय एजन्सीच्या मालकांनी लिहिलं आहे. गाड्यांच्या पॅन्ट्री कारमध्ये खाणंपिणं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला ते दोन वर्षं कोला आणि संत्रा-लिंबाच्या बाटल्या देत होते. मार्च २०२४ मध्ये ठेकेदाराने दुसऱ्या कंपनीचा ब्रँड धरला. सव्वातीनशे खोकी गोदामात पडून राहिली आणि ऑक्टोबर २०२३ पासूनच्या बिलांचे ७ लाख ४० हजार अडकले. त्यांना विचारायचं आहे की असा ब्रँड बदलता येतो का, आणि दोन नोटिसा देऊन झाल्यावर आता नाशिकच्या कोर्टात दावा लावावा का. सातपूर-अंबडच्या कॅन्टीनना दूध, भाजी, पाव पुरवणाऱ्यांची अशीच पत्रं माझ्याकडे सतत येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ब्रँडचा प्रश्न लवकर संपतो. तुमच्याच वर्क ऑर्डरमध्ये ‘मंजूर यादीतील कोणताही ब्रँड, गरजेनुसार’ असं लिहिलं आहे. अमुक इतका माल उचलूच, असा शब्द त्यात कुठेही नाही. म्हणजे बदलता येतो. तुम्ही रेल नीरचा दाखला देता, पण ते आयआरसीटीसीचं स्वतःचं पाणी. त्याबाबतचे नियम तुमच्या कोल्याला लावता येणार नाहीत. रेल्वेला पक्षकार करायचंही मनातून काढा. तुमचा करार ठेकेदाराशी आहे, रेल्वेशी नाही.

उरलेल्या खोक्यांबद्दल मला स्पष्ट बोलावं लागेल. नुकसान कमी करण्यासाठी हाताशी काय उपाय होते, हे करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. मार्च महिना, ऊन चढायला लागलेलं, देवळालीपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक टपरीवर थंडाची मागणी, आणि तुम्ही ‘ते परत घेतील’ या आशेवर बाटल्यांची मुदत संपू दिलीत. थोडं कमी भावाने का होईना, माल विकला असता तर तेवढा फरक तरी मागता आला असता. ज्या खोक्यांची लेखी ऑर्डर ब्रँड बदलण्याआधीच निघाली होती, तेवढ्यांपुरता माल विक्री अधिनियमाच्या कलम ५६ खाली माल न स्वीकारल्याबद्दल भरपाईचा दावा करता येईल. ऑर्डरची कागदं पाहिल्याशिवाय त्याबद्दल खात्री देत नाही.

आता ७ लाख ४० हजार. तुम्ही लिहिता, ‘दोनदा नोटीस दिली आहे, त्यामुळे मुदतीची चिंता नाही.’ हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. पैशांची मागणी करणाऱ्या नोटिशीने दावा करण्याची कायदेशीर मुदत थांबत नाही. दोन काय, दहा दिल्या तरी थांबत नाही. ठरलेल्या उधारीवर माल दिला असेल तर उधारीचे दिवस संपल्यापासून तीन वर्षं, असं मुदत अधिनियम १९६३ च्या परिशिष्टातला अनुच्छेद १५ सांगतो. तुमची उधारी ४५ दिवसांची. १० ऑक्टोबर २०२३ च्या बिलाचे पैसे २४ नोव्हेंबर २०२३ ला देय झाले, म्हणजे त्या बिलाची मुदत २४ नोव्हेंबर २०२६ ला संपते. पुढच्या प्रत्येक बिलाची तारीख अशीच वेगळी मोजायची. सगळ्यांची मिळून एकच तारीख धरण्याची चूक करू नका.

आणि नाशिकच्या कोर्टात तुम्ही जाऊ नये असं मी म्हणतो, त्याचं कारण वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. वाद झाल्यास लवाद, ठिकाण मुंबई. तुम्ही मला फक्त पुढचं पान पाठवलंत. मागचं मागवून घ्यावं लागलं, त्यात पंधरा दिवस गेले. त्या पानावर तुमची सही आहे. दावा लावलात तर ठेकेदार पहिला जबाब देण्याआधी किंवा जबाबासोबत लवाद अधिनियमाच्या कलम ८ चा अर्ज करील आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडे पाठवील. त्या अर्जाचा निकाल लागायला किती तारखा पडतात ते सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात कधीही येऊन पाहा. वाया गेलेला काळ मुदतीतून वगळून मागता येतो, पण वर्क ऑर्डरमधलं लवादाचं कलम माहीत असूनही चुकीच्या ठिकाणी गेलात असं म्हणायला समोरच्याला जागा राहते.

म्हणून एकच गोष्ट लगेच करा. लवाद आणि सलोखा अधिनियम १९९६ च्या कलम २१ ची नोटीस द्या. ‘हा वाद लवादाकडे सोपवत आहोत’ असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असावं आणि प्रत्येक बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम असावी. लवादाची कार्यवाही ही नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी सुरू झाली असं मानतात. तुम्ही पाठवल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पोहोच मिळवा, ईमेलही करा, आणि शेवटचा आठवडा गाठू नका.

लवाद ठेकेदाराच्या संचालकांनीच नेमायचा, असं वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या त्याच लवाद कलमात आहे. ते मान्य करू नका. निकालात स्वतःचं हित असलेल्या पक्षाला एकमेव लवाद एकतर्फी नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीविरुद्धच कौल दिला. दोघांच्या संमतीचं नाव सुचवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मुंबई उच्च न्यायालयात कलम ११ चा अर्ज. तिथे वेळ लागेल, पण तोवर तुमची बिलं मुदतीत राहतील.

उद्यम नोंदणीवर, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीवर, फार विसंबू नका. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून ती पुन्हा मिळू लागली, पण लाभ प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरता ठेवून. पंचेचाळीस दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, ही तरतूद माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना भक्कम आधार देते. तुम्ही तयार बाटल्या विकता, तेव्हा त्या वाटेवर आक्षेप येणार हे धरून चाला.

एक कागद मात्र शोधाच. वर्षअखेरीला खातेउतारा जुळवताना ‘बाकी मान्य’ असं लिहून ठेकेदाराकडच्या अधिकाराच्या माणसाने सही केली असेल, आणि ती मुदत संपण्याआधीची असेल, तर मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. ‘पाठवतो साहेब, जरा थांबा’ या व्हॉट्सॲप संदेशांवर मी तेवढा भरवसा ठेवणार नाही, तरी ते पुसू नका. मार्च २०२४ चा खातेउतारा सापडला तर मला दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा, मागच्या पानासकट.