तीन तास एकोणसाठ

पळणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली दोन घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर छोटं आहे, पण ते दुसऱ्या पत्रातही कामाला येणार आहे.

प्रश्न : मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते ना? मग माझ्या घड्याळात शेवटी ४२.६ कसे दिसले? आयोजकांनी जास्त पळवलं का?
– एक वाचक, औंध

उत्तर : नाही. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलला मोजणीचं यंत्र लावून मोजतात, तोही प्रत्येक वळणावर आतल्या कडेने, कमीत कमी अंतराच्या रेषेने. अंतर कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे साधारण ४२ मीटर, मुद्दाम वाढवून ठेवतात. तुम्ही गर्दीतून वाट काढता, पाण्याच्या टेबलाकडे वळता, वळणं बाहेरून घेता. उंच इमारतींमध्ये जीपीएसही थोडं चुकतं. त्यामुळे घड्याळात दोनशे-चारशे मीटर सहज जास्त दिसतात. वेळेचं गणित मांडताना ४२.५ धरूनच मांडा.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, पुण्यात धनकवडीत राहतो, सहकारी बँकेत नोकरीला आहे. तळजाईच्या टेकडीवर चालायला जायचो, तिथूनच पळायला लागलो. आतापर्यंत तीन फुल मॅरेथॉन झाल्या, तिन्ही मुंबईच्या : ४:३१, ४:१२ आणि यंदा ४:०७. मला चार तासांच्या आत यायचंय. यंदा अर्धं अंतर १ तास ५४ मिनिटांत झालं. वाटलं, आता हातात सहा मिनिटं शिल्लक आहेत, जमलंच. पण तिसाव्या किलोमीटरनंतर पाय दगड झाले. हाफची, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनची, माझी सर्वोत्तम वेळ १:४९ आहे. सरावात सर्वांत लांबचं पळणं २६ किलोमीटरचं होतं. बायको म्हणते, चार-सात काय आणि तीन-एकोणसाठ काय, मेडल तेच मिळतं. मुलगा दहावीत आहे, आणि माझा रविवार पळण्यात जातो. हा हट्ट सोडून द्यावा का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : सोडू नका. निदान एकदा नीट पळून बघितल्याशिवाय तरी नाही.

मेडल तेच मिळतं, हे तुमच्या पत्नीचं म्हणणं खरं आहे. पण २०१९ साली व्हिएन्नामध्ये केनियाचे धावपटू एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉन पळाले, तेव्हा ती वेळ विश्वविक्रम म्हणून धरली जाणार नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. सोबतीला आळीपाळीने पळणाऱ्यांची अख्खी फौज होती, त्यामुळे नियमात ते बसणारच नव्हतं. तरी माणूस पळाला, कारण दोन तासांच्या आतला तो आकडा त्यांना हवा होता. त्यांना दोन तासांची ओढ, तुम्हाला चार तासांची. मला त्यात फरक दिसत नाही.

त्या पळण्यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. किपचोगेंचा जवळजवळ प्रत्येक किलोमीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आगेमागे होता. पहिला तसाच, तिसावाही तसाच. आता तुमचे आकडे बघा. पहिला अर्धा १:५४, दुसरा २:१३. एकोणीस मिनिटांचा फरक! तुम्हाला वाटतंय की चार तास तिसाव्या किलोमीटरनंतर हुकले. ते पहिल्या दहा किलोमीटरमध्येच हुकले होते. फक्त बातमी उशिरा पोचली.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मुंबईला ४ तास ० मिनिटं ३८ सेकंदांत पोचले. अडतीस सेकंद! मरिन ड्राइव्हवर पहाटेची हवा गार होती, पाय हलके होते, आणि पुढच्या घोळक्याबरोबर मी ५:२० च्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं २० सेकंदांनी, सुटले. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला आणि मांड्या अशा आखडल्या की चालावं लागलं. चढाच्या मध्यावर एक आजी ताटलीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या, वर मीठ भुरभुरलेलं. त्यांनी दोन फोडी हातात दिल्या आणि म्हणाल्या, ‘घे गं बाळ, खाऊन मग पळ.’ मी उभी राहून खाल्ल्या, बोटांना लागलेलं मीठसुद्धा चाटलं. त्या थांबण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मरिन ड्राइव्हवरच्या घाईचं. दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर सुरुवातीला दात-ओठ खाऊन हळू पळाले आणि ३:५८:५१ लागले.

असं का होतं, तेही सांगते. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो ढोबळमानाने दोन हजार कॅलरींचा. पासष्ट किलोच्या माणसाला एका किलोमीटरला साधारण पासष्ट कॅलरी लागतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सत्तावीसशेच्या घरात. उरलेलं काम चरबी भागवते, पण वेग जितका जास्त तितकी साखर जास्त जळते. तुम्ही पहिले एकवीस किलोमीटर ५:२४ ने पळालात. चार तासांसाठी लागतो ५:४१. ते सतरा सेकंद दर किलोमीटरला तुम्ही त्याच साठ्यातून उचलत होतात. बँकेतल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. सहा मिनिटं जमा केल्यासारखं वाटलं, ती उचल होती, आणि व्याजासकट तेरा मिनिटं गेली.

वेगाची काळजी करू नका. हाफच्या वेळेची दुप्पट करून त्यात दहा-वीस मिनिटं मिळवायची, असा पळणाऱ्यांचा जुना अंदाज आहे. १:४९ ची दुप्पट ३:३८, वर वीस धरली तरी ३:५८. म्हणजे पायांत चार तास आहेत.

कमी पडतंय ते लांब पळणं. सव्वीसवर थांबून बेचाळीसची सवय होत नाही. गणपती विसर्जन झालं की सुरुवात करा, संक्रांतीच्या सुमारास मुंबईची शर्यत येते तोवर निदान पंधरा-सोळा आठवडे मिळतात. त्यात ३० ते ३२ किलोमीटर तीनदा तरी व्हायला हवेत. आमचा गट पहाटे साडेचारला सारसबागेपासून निघतो, सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या धरणापर्यंत जातो आणि परत येतो. जाताना अंधार आणि निवांतपणा, येताना धायरी फाट्यापाशी पीएमपीच्या बसेस आणि दुधाच्या गाड्या. पळा मात्र हळू, ६:१५ ते ६:३० ने. सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शेवटच्या दोन लांब पळण्यांमध्येच शेवटचे आठ किलोमीटर ५:४० ला आणा. तळजाईचा चढ-उतार मधल्या दिवसांसाठी उत्तम आहे, तो सोडू नका.

खाण्याचा सरावही त्याच रविवारी. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि भूक लागायची वाट बघायची नाही. चाळिसाव्या मिनिटापासून सुरू करायचं. जेल, म्हणजे छोट्या पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, चालत असेल तर एकात साधारण २०-२५ ग्रॅम मिळतात. मी बिया काढलेले खजूर अर्धे करून प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत नेते. चिक्की नेऊ नका, कोरड्या तोंडात ती चावली जात नाही. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. आणि वेदनाशामक गोळी घेऊन तर अजिबात पळू नका, मूत्रपिंडावर ताण येतो. चाळिशी उलटली आहे, तेव्हा सराव वाढवण्याआधी एकदा डॉक्टरांना हृदय दाखवून घ्या.

मुंबईची दमट हवा हा तुमच्या पत्रात न आलेला भाग. डिसेंबरात पुण्यात घाम आला तरी कोरड्या हवेत उडून जातो आणि अंग गार राहतं. मुंबईत तो उडत नाही, नुसता गळत राहतो, आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. पुण्यात सोपा वाटणारा ५:४० तिथे महाग पडू शकतो. मुंबईचाच आग्रह नसेल तर फेब्रुवारीत दिल्लीला पळा, हवा थंड आणि रस्ता सपाट. मुंबईच हवी असेल तर सरावाच्या काही रविवारी उशिरा निघा, शेवटचा तास उन्हात येऊ द्या.

आता शर्यतीचा दिवस. वर औंधच्या वाचकांना लिहिलंय तसं ४२.५ धरलं, तर घड्याळात सरासरी ५:३८ दिसायला हवा. तरी पहिले पाच किलोमीटर ५:४५ नेच पळा. त्यात फक्त पस्तीस सेकंद मागे पडता. शेकडो लोक तुम्हाला मागे टाकून जातील, तुमच्या गटातलेही जातील, जाऊ द्या. अर्ध्यावर दोन तासांच्या काठावर असलात तर सगळं जागेवर आहे.

घरचं राहिलं. दहावीचं वर्ष आहे, तर पत्नीला आणि मुलाला शर्यतीची तारीख आजच सांगा आणि त्या तारखेनंतरचे रविवार त्याच्या परीक्षेपर्यंत त्याचे. उशिरा निघायचे रविवार सोडले, तर सरावाच्या रविवारी आठच्या सुमारास घरी पोचा आणि आल्यावर झोपू नका. मी हे केलं नव्हतं. माझी मुलगी बारावीला असताना मी रविवारी दुपारभर झोपून असायचे. तिने ते मला बऱ्याच वर्षांनी बोलून दाखवलं.

शर्यतीनंतर मला पत्र पाठवा. शेवटची वेळ खाली लिहा, सगळ्यांत वर पहिल्या पाच किलोमीटरची लिहा. मी ती आधी वाचणार आहे.