वाचकांचे प्रश्न : छोट्या मापाचा लंगर

१/३५ मापाच्या प्रतिकृतीत १९४१ च्या लिबियातला हिंदी फौजेचा लंगर, म्हणजे स्वयंपाकाची जागा, करतोय. तीन दगडांची चूल, खाली आगपेटीच्या काड्यांचं सरपण. पण सगळं गावजेवणासारखं दिसतंय. काय चुकलं? (धुळे)

आधी सरपण काढा. त्या वाळवंटात लाकडाची वानवा होती. पेट्रोलचा पत्र्याचा डबा कापायचा, भोकं पाडायची, आत वाळू भरून तिच्यावर पेट्रोल ओतायचं आणि पेटवायचं, अशी चूल सैनिक वापरत. तिला ते बेनगाझी बर्नर म्हणत. डबा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. आपल्या १५ किलो तेलाच्या डब्याच्या जवळपासचा, त्यामुळे माप घरातच मिळेल. ३५ ने भागलंत की ७ × ७ × १० मिमी.

पार्सलच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याच्या सपाट तळातून २९ × ५ मिमीची पट्टी कापा. चार बाजूंचे २८, चिकटवायला १. घड्या हाताने घालू नका, कोपरे गोल येतात. रिकाम्या रिफिलने वहीवर ठेवून रेघ ओढा, मग ती फूटपट्टीच्या कडेवर दुमडा. भोकं घड्या घालण्याआधीच सुईने पाडा, अर्धा मिमी पुरे. दोनतृतीयांश उंचीपर्यंत चाळलेली वाळू, वर निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल.

रंगात बहुतेक जण चुकतात. पत्र्यावरचा कथिलाचा मुलामा २३२ अंशांना वितळतो, मग उघडं पडलेलं लोखंड पटकन गंजतं. म्हणून वापरलेला बर्नर खालच्या कडेला थोडा चकचकीत, भोकांभोवती तपकिरी-निळसर आणि वरच्या काठाला काळा. सगळा एकसारखा गंजलेला नको.

आगपेटीची काडी २ मिमी जाड, म्हणजे ७ सेंमीचा रंधलेला चौकोनी वासा! ब्रह्मदेश किंवा इटलीचा देखावा असेल तर सरपण जरूर घाला, पण पऱ्हाटीच्या बारीक मुळ्यांचं : १ मिमी जाड, १३ मिमी लांब, कापलेली टोकं फिकट.

पोळ्या जाड दिसतात. आणि डेगचीत खरी मूगडाळ भरडून टाकली तर चालेल का? (जळगाव)

झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो. पस्तीसपट केला की साडेतीन मिमी, म्हणजे तुम्ही कळण्याच्या भाकरी थापल्यात. पतंगाचा कागद घ्या. ऑफिसच्या पंचिंग मशीनचं भोक साधारण ६ मिमी, म्हणजे २१ सेंमीची पोळी, अगदी बरोबर. पातळ कागद पंचमध्ये फाटतो, म्हणून दोन साध्या कागदांच्या मध्ये धरून पंच मारा. पातळ फेविकॉलमध्ये बुडवून चमच्याच्या पाठीवर सुकू द्या, म्हणजे कडा किंचित उचलतात. डाग ब्रशने देऊ नका. १ मिमीचा ठिपका म्हणजे साडेतीन सेंमीची करपट. सुईचं टोक रंगात बुडवून टेकवा.

खरी डाळ, रवा, पीठ काहीही नको. पावसाळ्यात सोंडे आणि बुरशी लागते. शिवाय रव्याचा अर्ध्या मिमीचा कण या मापात पावणेदोन सेंमीचा होतो. वरणासाठी पारदर्शक अ‍ॅरल्डाइट समसमान मिसळा, टाचणीच्या टोकावर मावेल इतका पिवळा ऑकर ऑइल रंग आणि चिमूटभर टाल्कम पावडर घाला. काठाच्या १ मिमी खाली थांबा. मे महिन्यात ते लवकर आवळतं, थोडंथोडं कालवा.

डेगचीला औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटातला मोठा गोल फुगा चालतो. मात्र ते पीव्हीसी असतं, प्लास्टिक किटचा गोंद (सिमेंट) त्याला धरत नाही. फेविक्विक वापरा आणि रंगाआधी प्रायमर मारा. तांब्या-पितळेचं भांडं असेल तर आतून कल्हईची चंदेरी, बाहेर काजळी. गोऱ्या शिपायाची ‘डिक्सी’ म्हणजे आपली हीच डेगची; शब्द इथूनच गेला.

भर उन्हाळ्यात, हवा एवढी कोरडी असताना क्लिअर लॅकर पांढरं पडलं. कसं? (भुसावळ)

कूलर चालू होता का? थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि कूलरची दमट हवा त्यावर दव धरते. तोच लॅकरमधला पांढरा धुरकटपणा. खरवडू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे, कूलर बंद करून, नुसत्या लॅकर थिनरचा हलका फवारा मारा; थर पुन्हा विरघळून ओल निघून जाते. फेविक्विकभोवती येणारी पांढरी बुरी मात्र वेगळी. ती गोंदाची वाफ बसून येते, म्हणून थेंब कमी घ्या आणि भाग डब्यात बंद करू नका.

अ‍ॅक्रिलिकचं उलटं होतं. ४४ अंशांत थेंब हवेतच वाळतो आणि रंग पॉलिश पेपरसारखा खरखरीत बसतो. एअरब्रश ५-६ सेंमीवर आणा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा, रिटार्डरचे (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रावाचे) एक-दोन थेंब घाला.

शेतातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून तळ केला. आठवड्यात तडे! (अमळनेर)

कपाशीच्या शेतात पडतात तेच हे तडे. ही माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते. तळ वॉल पुट्टीचा करा, दोन-दोन मिमीच्या थरांत. माती तव्यावर कोरडी भाजून तलम कापडातून गाळा आणि रंगासाठी वरून भुरभुरवा. लिबियासाठी तर ती नकोच, तिथे फिकट पिवळसर वाळू. चहाच्या गाळणीतून गाळा : १ मिमीचा खडा म्हणजे साडेतीन सेंमीचा दगड.

जर्मन फील्ड किचनच्या हंडीत आतून करपलेलं दाखवू का? (नंदुरबार)

नको. त्या हंडीला दुहेरी भिंत असे आणि मध्ये ग्लिसरीन, अन्न करपू नये म्हणूनच. काजळी भट्टीच्या दाराशी आणि धुराड्याच्या तोंडाशी. हंडीच्या काठावरून ओघळलेल्या रश्श्याच्या दोन-तीन रेघा पुरेत.

धूर कापसाचा करावा का? (चोपडा)

कापूस आपल्याकडे मुबलक आहे, पण चुलीवर ठेवला की कापूसच दिसतो. वाऱ्याची दिशा ठरवा. भांड्याच्या त्या एकाच बाजूला काजळी वरपर्यंत चढवा, आचाऱ्याला विरुद्ध बाजूला बसवा.