जबडा टक् वाजतो, लेझर घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी डिचोलीची, वय 34, वाड्यावरच्या घुमट आरतीच्या पथकात गाते. गेले पाच महिने उजव्या कानाच्या पुढे दुखतंय, तोंड उघडताना टक् असा आवाज येतो आणि सकाळी उठले की जबडा जखडलेला असतो. आधी वाटलं कानच दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, तर कान एकदम साफ. मग एका क्लिनिकमध्ये सांगितलं की सांध्यातली डिस्क सरकलीय, लेझरची 10 सिटिंग घ्या म्हणजे ती जाग्यावर बसेल, पैसे सगळे आधी भरायचे. घरचे म्हणतात घेऊन टाक, गणपतीची चवथ आली जवळ. मला भीती वाटते, लेझरने नस-बिस भाजली तर? आणि खरंच बरं होतं का?

उत्तर : ताई, पैसे भरले नसतील तर जरा थांबा.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं तोच तो सांधा, म्हणून तर सगळे आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातात. आत कूर्चेसारखी चिवट छोटी डिस्क असते, ती थोडी पुढे सरकली की तोंड उघडताना हाड तिच्यावर परत चढतं आणि टक् वाजतं. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला कसलाच उपचार लागत नाही, कितीतरी लोकांचा जबडा आयुष्यभर वाजतो. तुमचा प्रश्न आवाजाचा नाही, दुखण्याचा आणि सकाळच्या जखडण्याचा आहे. घरच्यांना विचारा, तुम्ही झोपेत दात खाता का? रात्रभर गालाचे स्नायू आवळले गेले तर सकाळी असंच होतं.

आता भाजण्याची भीती. कापायला वापरतात तो लेझर वेगळा. हा कमी ताकदीचा, पेनासारखं टोक सांध्यावर आणि गालाच्या स्नायूवर थोडा थोडा वेळ धरतात, फार तर किंचित कोमट लागतं. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, साधारण 600 ते 1000 नॅनोमीटरचा, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, शोषला जातो आणि त्याने सूज-वेदना कमी होते अशी कल्पना आहे. याची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली, 1967 च्या सुमारास तिथले डॉक्टर एंड्रे मेस्टर यांना दिसलं की लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवतायत. लेझरपासून डोळे जपणारा चष्मा मात्र लागतोच, तुम्हालाही आणि देणाऱ्यालाही, तो न देता कोणी मशीन सुरू केलं तर सरळ उठून या. गरोदर असाल, कॅन्सर झालेला असेल किंवा उन्हाने अंगावर पुरळ आणणारं औषध चालू असेल तर आधी सांगा.

बरं होतं का? काही अभ्यासांत काही आठवडे दुखणं कमी झालेलं दिसतं, तोंडही थोडं जास्त उघडतं. पण काही अभ्यासांत मशीन बंद ठेवून नुसतं टोक धरलेल्यांनाही तेवढाच आराम पडला, आणि डोस प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे तुलना करणंच कठीण. 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीबद्दल तज्ज्ञांच्या गटाने शिफारशी दिल्या, त्यात लेझर शक्यतो वापरू नये असं म्हटलंय, सक्त मनाई नाही पण भरवसाही नाही. जोरदार शिफारस कशाची, तर शिकवून करून घेतलेले जबड्याचे व्यायाम, हाताने स्नायू आणि सांधा मोकळा करणं आणि ताण-सवयींवर समुपदेशन. डिस्क लेझरने जाग्यावर बसेल हे मला पटतच नाही, प्रकाशाने डिस्क सरकत नाही. दुखणं थोडं कमी होऊन व्यायाम करता यावा एवढ्यासाठी दोन-चार सिटिंग घेतलीत तर मी अडवणार नाही, पण 10 चे पैसे आधी नका देऊ.

तोवर घरी हे करा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, दिवसभर जबडा असाच ठेवायचा, दातावर दात फक्त चावताना आणि गिळताना. मोबाईल बघताना, गाडी चालवताना दात आवळले जातात ते स्वतःला पकडा. जीभ टाळूलाच ठेवून जेवढं उघडेल तेवढंच तोंड हळू उघडा-मिटा, सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. गरम ओला टॉवेल गालावर पंधरा मिनिटं. काही आठवडे पेज, मऊ भात, पोई खायची तर चहात भिजवून, आणि जत्रेतलं खाजं, चणे, च्युइंगगम बंद. गाणं सोडू नका हो, फक्त सरावाला मध्ये मध्ये थांबा आणि वरच्या पट्टीत आ वासून ताणू नका.

मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, किंवा सहा आठवड्यांत फरक नाही, तर बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये तोंड-जबड्याच्या विभागात दाखवा. दात मशीनने झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलायला कोणी सांगितलं तर तिथे दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, झिजवलेला दात परत येत नाही.

प्रश्न : माझे बाबा 67 वर्षांचे, आम्ही काणकोणला असतो. चावता चावता जबडा थकतो, थांबले की बरं वाटतं, महिनाभर कानशिलही दुखतंय. त्यांना लेझर चालेल?

उत्तर : नाही, आणि वाटही बघू नका. पन्नाशीनंतर असं झालं तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. आजच फिजिशियनकडे न्या, ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करायला सांगा, दिसायला अंधुक होत असेल तर थेट कॅज्युअल्टीत.