पंचांगातून आलेली कियारा

‘मुलीला इंग्रजी वळणाचं नाव ठेवलं, घरचे नाराज आहेत. आमचं चुकलं का?’ कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला येणारे नवे आईबाप हल्ली हे हमखास विचारतात. मालवणजवळच्या एका गावातलं जोडपं तेच घेऊन आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बारसं होऊन तीन महिने झाले होते. मुलीचं नाव कियारा, पण आजी तिला नुसतं ‘चेडू’, म्हणजे पोरगी, म्हणायची. बारशालाच तिने फटकारलं होतं, “ह्या कसला नाव गो? किरडूसारख्या वाटता!” किरडू म्हणजे साप. तेव्हापासून सून सासूशी कामापुरतंच बोलत होती.

नाव आणलंत कुठून, मी विचारलं. सून म्हणाली, “पंचांगातून!” मुलगी मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणावरची, अक्षर ‘की’. कीर्ती जुनं वाटलं, म्हणून तिने मोबाईलवर शोधलं. कियारा अडवाणीमुळे नाव कानावर होतंच. ती मूळची आलिया, पण २०१४ साली पडद्यावर आली ती कियारा होऊन.

नवऱ्याचं कारण वेगळं. तो बोटीवर कामाला. त्याचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं, ते तिथे कुणाच्या जिभेवर बसत नाही. सात वर्षं तो नुसता ‘जी’ आहे. पोरीचं नाव तरी कुठल्याही बंदरात नीट उच्चारलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. मला ते पटलं. नाव मला स्वतःला फारसं आवडत नाही, पण माझ्या आवडीची फी कुणी देत नाही.

अर्थाच्या बाबतीत मात्र दोघं फसले होते. कुठल्याशा यादीत ‘मूळ संस्कृत’ असं छापलेलं. तसं काही नाही. इटलीतली क्यारा लॅटिनमधून आलेली, म्हणजे उजळ, स्वच्छ. आयर्लंडमधल्या अशाच नावाचं मूळ ‘किअर’, म्हणजे काळा. नवरा हसला, “पुनव नि अवस एकाच पाळण्यात!”

दुसऱ्या खेपेला आजीला बोलावलं. खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. इटलीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. हाक मारताना अडतं कुठे, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “माका कोणी इचारूक नाय.” तिच्या मनात तिच्या सासूचं नाव होतं. शिवाय कवळीमुळे ‘किया’ म्हणताना जीभ अडखळते.

सुनेचे डोळे भरले. जन्माची नोंद बिननावाचीच झाली होती. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बदलूया, आई.”

“आता नको. कानात सांगून झाला.” आजीने पुटपुटून पाहिलं, एकदा, दोनदा. मग सुनेकडे वळली, “कीरा म्हटला तर चलात?”

सुनेने होकारार्थी मान डोलावली.

“कीर म्हंजे पोपट,” आजी मला म्हणाली. “किरडवापेक्षा बरो.”