रहस्यकथा, रात्रीची भीती आणि शेजारच्या काकू

प्रश्न: मला लहानपणापासून रहस्यकथांची आवड, पण लग्नानंतर वाचन सुटलं होतं. गेल्या नाताळात पुण्याच्या भाचीनं फ्रँक पेरेटी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ ही इंग्रजी कादंबरी दिली. ‘मावशी, ख्रिस्ती थ्रिलर आहे, तुला आवडेल,’ म्हणाली. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून वाचते. पुस्तक सोडवत नाही, पण मग मागच्या अंगणात बाथरूमला जायची भीती वाटते. सासूबाई म्हणतात, ही भुताखेतांची पुस्तकं विश्वासी बाईला शोभत नाहीत, खोट्या गोष्टी वाचण्यापेक्षा शास्त्र, म्हणजे बायबल, वाच. आणखी एक, जे मी घरात बोललेले नाही. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी ध्यानाला बसतात. बारा वर्षं विरजण मी त्यांच्याकडूनच आणते. पण या कादंबरीत ध्यानाच्या वाटेनं दुरात्मे माणसांत शिरतात, ते वाचल्यापासून त्यांच्या घरी जायला पाय उचलत नाही. तीन आठवडे झाले, दही दुकानातून आणतेय. अशी पुस्तकं वाचणं पाप आहे का? माझा तेरा वर्षांचा मुलगाही मागतोय. त्याला देऊ का?
— एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर: प्रिय ताई,

पापाबद्दलचं तुमचं वाक्य मी एकदा वाचलं, विरजणाचं चार वेळा. म्हणून आधी काकूंकडे येते.

ही कादंबरी 1986 साली आली. मी ती शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी वाचली, दोन रात्रींत संपवली. अमेरिकेतलं एक लहानसं कॉलेजचं गाव, तिथला तरुण पाळक, वर्तमानपत्राचा संपादक, आणि गावावर आकाशात देवदूत आणि दुरात्मे यांची तलवारी घेऊन चाललेली लढाई. गावातली चार माणसं गुडघे टेकतात तेव्हा वर देवदूतांच्या हातात बळ येतं, आणि ती माणसं थकली की देवदूतही मागे सरतात. हे चित्र माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेला तेव्हा सात-आठ जणी यायच्या. त्या आठवड्यात धो धो पाऊस होता, तरी मी छत्री उघडून निघाले. एवढं त्या पुस्तकानं माझ्याकडून करवून घेतलं, आणि त्याबद्दल मी लेखकाची ऋणी आहे.

पण त्यातली खलमंडळी कुठून आली तेही पाहा. त्या काळी अमेरिकेत पूर्वेकडची ध्यानधारणा, नव्या युगाच्या नावानं निघालेले पंथ, त्यांचे गुरू यांची मोठी लाट होती, कॉलेजांतून त्यांचे वर्ग चालत. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना त्याची धास्ती होती, आणि लेखकानं ती धास्ती उचलून कथेत घातली. म्हणून त्या गावात ध्यान येतं ते बाहेरून, पैसा आणि कारस्थान घेऊन, गाव गिळायला. तुमच्या काकूंच्या घरी ते आलं असेल त्यांच्या आईकडून, आजीकडून, देवघरातल्या समईबरोबर. ध्यानाबद्दल तुमची आणि त्यांची श्रद्धा वेगळी आहे, ती वेगळी राहू दे. मी ती पातळ करायला सांगत नाही. पण परक्या देशातल्या कादंबरीतला मुखवटा बारा वर्षांच्या शेजारणीच्या तोंडावर चढवणं हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या हातून होतोय.

त्या कादंबरीचं नाव ज्या वचनावरून आलं ते शास्त्रातल्या इफिसकरांच्या पत्रातलं, सहाव्या अध्यायातलं बारावं. आपलं झगडणं ‘रक्तमांसाबरोबर नव्हे’ असं प्रेषित पौल तिथं म्हणतो. काकू रक्तमांसाच्या आहेत, ताई.

आता वाचनाविषयी. मी नगरची. वडील शाळामास्तर, घरात रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना. मी सातवीत असताना भाड्याच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचे. काळा पहाड आणि झुंजार यांना पांघरुणात घेऊन, टॉर्चच्या उजेडात वाचायचे. एका रात्री वडिलांनी पांघरूण वर केलं. पुस्तक हातात घेतलं, दोन पानं उभ्यानं वाचली आणि काही न बोलता परत दिलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत त्यांनी शास्त्रातल्या एस्तेर राणीच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. राणीच्या चुलतभावाला, मर्दखयाला, फाशी द्यायला राजाचा मंत्री हामान पन्नास हात उंच खांब उभा करतो, तिथं अध्याय संपतो. वडिलांनी शास्त्र मिटलं, ‘आमेन’ म्हटलं आणि दिवा मालवला. मी त्या रात्री त्याच टॉर्चनं सहावा अध्याय वाचला. राजाला झोप येत नाही, तो जुनी बखर वाचायला लावतो, आणि त्या एका जागरणानं सगळा डाव उलटतो. पुढे मोठेपणी कळलं की त्या अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही. तरी प्रत्येक पानावर त्याचा हात जाणवतो.

तेव्हा उत्कंठा, खून, कट यांचं शास्त्राला वावडं नाही. सासूबाईंना हे उलट उत्तर म्हणून सांगू नका. त्यांच्यासोबत बसून एस्तेर वाचा, त्यांनाही ती रात्र आवडेल. ‘खोट्या गोष्टी’ या आक्षेपाला मात्र माझ्याकडे दुसरं उत्तर आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 1857 सालची ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजींची, म्हणजे आपल्याच ख्रिस्ती मंडळीतल्या माणसाची. यमुना कल्पनेतली, पण विधवांचे हाल खरे होते, आणि ते सांगायला त्यांनी गोष्टच निवडली.

मग पारख कशी करायची? मी एकच गोष्ट बघते. पुस्तक मिटल्यावर माझं बोट कोणाकडे वळतं? शास्त्रातला नाथान संदेष्टा, दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाकडे गेला तो एक गुन्ह्याची गोष्ट घेऊनच: श्रीमंताचे कळप, गरिबाची एकुलती एक कोकरी, आणि ती मारून पाहुण्याला घातलेलं जेवण. दावीद संतापला, त्या माणसाला मरणदंड म्हणाला. मग नाथान म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ इंग्रज लेखक चेस्टर्टन यांचा फादर ब्राऊन वाचला आहे का? नसेल तर भाचीला सांगून मागवा, पहिला संग्रह 1911 चा आहे. हा बुटका, साधासुधा पाद्री खुनी शोधतो तो दुर्बीण लावून शोधत नाही. खुनी माणसाच्या मनात तो स्वतः शिरतो, इतका की तो खून आपणच केला असता हे त्याला जाणवतं. तो वाचून मला कधी शेजाऱ्याची भीती वाटली नाही, माझ्या स्वतःच्या रागाची मात्र वाटली.

पेरेटींचं पुस्तक पाप नाही. ते अर्धवट टाकूही नका, शेवटाची चुटपुट लागून राहील. पण दिवसा वाचा, रविवारी उपासनेहून आल्यावर, घरात माणसं असताना. दिवसभर नोकरी-घर करून थकलेलं डोकं रात्री अकराला गंधकाचा वास सोडणारे दुरात्मे वाचतं, तर अंगणातला अंधार त्याला गच्च वाटणारच. तो अशक्तपणा विश्वासाचा नाही, झोपेचा आहे. झोपण्याआधी शास्त्रातलं एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचा. मी 121वं वाचते.

आणि आज संध्याकाळी, काकूंचं ध्यान आटोपलं की, विरजणाची वाटी घेऊन जा. तीन आठवडे का आला नाहीत हे त्या विचारतील. खरं सांगायला जड जात असेल तर ‘चुकलंच माझं’ एवढं म्हणा आणि बसा थोडा वेळ.

मुलाला ही कादंबरी इतक्यात देऊ नका, दोन-तीन वर्षांनी द्या आणि तेव्हा तुम्हीही सोबत वाचा. सध्या त्याला शास्त्रातलं ‘प्रेषितांची कृत्यं’, 23वा अध्याय वाचून दाखवा. चाळीसहून जास्त माणसं शपथ घेतात, पौलाला मारीपर्यंत अन्नपाणी घेणार नाही. पौलाच्या बहिणीच्या मुलाला हा कट कळतो, तो पौल कैदेत असलेल्या गढीत जातो, तिथला रोमी सरदार त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि सगळं ऐकून बजावतो की तू मला ही खबर दिलीस हे कोणाला सांगू नकोस. 22वं वचन आहे ते. तिथं शास्त्र मिटा, आमेन म्हणा आणि दिवा मालवा. टॉर्च कुठे ठेवला आहे तेवढं त्याला ठाऊक असू द्या.