पुण्यात राहून मुंबई सिटीच्या सीझन तिकिटाचे नूतनीकरण करावे का?

तुम्ही लिहिले आहे की, तुमची नोकरी पुण्यात आहे, २०२४-२५ च्या हंगामात तुम्ही मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे सीझन तिकीट घेतले होते आणि अंधेरीतल्या १२ साखळी सामन्यांपैकी जेमतेम ६ सामन्यांना तुम्हाला जाता आले. त्यानंतर क्लब ज्या स्पर्धेत खेळतो ती इंडियन सुपर लीगच अडचणीत आली. आता पुन्हा एकरकमी पैसे भरावेत की जमेल त्या सामन्याचे सुटे तिकीट काढावे, असा तुमचा पेच आहे आणि तुमचे मित्र सुट्या तिकिटाच्या बाजूने आहेत.

सीझन तिकीट घ्या. अटी पुढे सांगते, पण उत्तर आधी देते, कारण हाच प्रश्न २०१८ साली आमच्या घरात निघाला होता आणि तेव्हा मी तुमच्या मित्रांचे उत्तर मान्य केले होते.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. तरुणपणी ते फॅक्टरीच्या संघातून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू म्हणून खेळत. पुण्यात फुटबॉल म्हणजे खडकी आणि कॅम्प अशी त्यांची समजूत होती आणि शहराच्या इतर भागांत कोणी फुटबॉल खेळते हे त्यांना बरीच वर्षे पटत नसे. पुणे एफसी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत खेळू लागल्यावर ते सामने पाहायला बालेवाडीच्या स्टेडियमला जाऊ लागले. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी उपविजेती ठरली, तेव्हा त्यांनी कात्रणे काढून ठेवली होती. पुढे २०१५ मध्ये तो क्लब बंद झाला, भारत एफसी एकाच हंगामानंतर गेली, २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्सही गेली. उरली ती एफसी पुणे सिटी. २०१७ च्या हंगामाआधी मी आमच्या दोघांसाठी सीझन तिकिटे घेतली, तेव्हा बाबा ७१ वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा गुडघा जिना चढताना अडत असे.

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, हे अजिबात पसंत नव्हते. सामने रात्री ८ वाजता सुरू होत. खडकीहून औंधमार्गे बालेवाडीला जायचे, दहाच्या सुमारास हजारो लोकांबरोबर बाहेर पडायचे, त्या वेळी रिक्षा मिळत नाही, बाबांचे वय, थंडीचे दिवस, आणि सामना तर टीव्हीवर दिसतोच, असे त्याचे म्हणणे होते. त्यातली काळजी खरी होती, हे मी तेव्हाही मान्य करत होते. दादा स्वतः मँचेस्टर युनायटेडचा पाठीराखा आहे. मध्यरात्री उठून सामने पाहतो, दर दोन वर्षांनी नवी जर्सी घेतो. त्याचे ते प्रेम खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. माझे भांडण इतकेच आहे की, टीव्हीवरच्या सामन्याला तो फुटबॉल म्हणत असे आणि बालेवाडीच्या सामन्याला हट्ट.

तो हंगाम आम्ही जवळजवळ पूर्ण पाहिला. घरच्या मैदानावरच्या ९ साखळी सामन्यांपैकी ७ सामन्यांना आम्ही गेलो. पहिलाच सामना दिल्लीविरुद्ध २-३ असा हरलो. दुसऱ्या सामन्यात तुमचीच मुंबई आली होती. ती आधी पुढे होती, पण आमच्या अल्फारोने दोन गोल केले, त्यातला दुसरा भरपाई वेळेत, आणि सामना आम्ही २-१ असा जिंकला. त्या गोलानंतर बाबा गुडघा विसरून उभे राहिले होते. बालेवाडीच्या स्टेडियमवर मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब दिसतात आणि बरेच लोक त्याबद्दल तक्रार करत. बाबांना मात्र ते अंतर आवडत असे, कारण त्यांना चेंडू पाहायचाच नसे. चेंडू उजव्या बगलेवर असतानाही त्यांची नजर आमच्या डाव्या बचावपटूवर असे. तो किती आत सरकला आहे, त्याचा खांदा कुठे वळला आहे, पाठीमागे कोण मोकळा आहे, हे ते पाहत. आणि मग माझ्या मनगटावर दोन बोटे आपटत पुटपुटत, "मागे फिर, मागे फिर." बहुतेक वेळा तीन-चार सेकंदांनी चेंडू खरोखरच तिकडे येई. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो. त्या लेफ्ट बॅकला कॅमेऱ्याने तेव्हा दाखवलेच नसते. घरी बसून सामना पाहताना बाबांची बोटे कधी हलली नाहीत.

आम्ही दर वेळी त्याच ओळीत, जिन्याजवळ बसत असू. शेजारी पिंपरीत वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन येत आणि मागच्या ओळीत मणिपूरहून शिकायला आलेल्या तीन मुली असत. तिसऱ्या सामन्यापासून जिन्याकडेची खुर्ची बाबांसाठी राखली जाऊ लागली, आणि आम्ही एका सामन्याला गेलो नाही, तर पुढच्या सामन्याला पिंपरीच्या त्या गृहस्थांनी सर्वांत आधी बाबांच्या तब्येतीची चौकशी केली. त्यांचे आडनावही आम्हाला ठाऊक नव्हते. पुणे सिटी चौथ्या क्रमांकावर राहून पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेली. बंगळुरूविरुद्धचा पहिला सामना २०१८ च्या मार्चमध्ये बालेवाडीला ०-० असा सुटला. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "गोल झाला नाही म्हणजे आपला बचाव उभा राहिला." दुसरा सामना आम्ही दादाकडे टीव्हीवर पाहिला. बंगळुरूच्या छेत्रीने तीन गोल केले, आम्ही ३-१ असे हरलो आणि दादाने बाबांच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या वर्षी उगाच दगदग करू नका, असे सांगितले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नूतनीकरणाचा विषय निघाला, तेव्हा दादाने एका पाकिटाच्या पाठीमागे हिशेब मांडला. दोन तिकिटांची रक्कम, दर सामन्याचे रिक्षाभाडे, खाणेपिणे, आणि गेल्या हंगामात चुकलेले २ सामने धरून प्रत्यक्ष पाहिलेल्या दर सामन्याला पडलेला खर्च. खाली त्याने सुट्या तिकिटांची बेरीज लिहिली होती आणि ती कमी होती. "बाबांना बरे वाटेल त्या दिवशी सुटी तिकिटे काढ," असे तो म्हणाला. बेरीज बरोबर होती. मी मान्य केले.

त्या हंगामात आम्ही एका सामन्याला गेलो. एका. पैसे कमी पडले म्हणून नव्हे. सुटे तिकीट काढायचे म्हणजे दर सामन्याला जायचे की नाही हे नव्याने ठरवायचे असते. एका आठवड्यात माझ्या ऑफिसात लेखापरीक्षण निघाले, दुसऱ्या आठवड्यात गुडघा दुखत होता, तिसऱ्यात पाहुणे आले. संघाची सुरुवातही वाईट झाली, काही आठवड्यांतच प्रशिक्षक बदलला, शेवटी सातवा क्रमांक आला, आणि हरणाऱ्या संघासाठी दोघांनी एवढी धडपड कशाला, हे कारण तर कायमच हाताशी होते. आधीच्या वर्षी हीच कारणे आली असती, तरी तिकीट कपाटात आहे म्हणून आम्ही चपला घातल्या असत्या. ज्या एका सामन्याला गेलो, त्या दिवशी दुसऱ्या स्टँडची तिकिटे मिळाली. बाबा मध्यंतरापर्यंत आमच्या जुन्या ओळीकडे पाहत होते.

२०१९ च्या जूनमध्ये बाबा गेले. ऑगस्टमध्ये बातमी आली की, एफसी पुणे सिटी बंद होत आहे आणि तिची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली आहे. चार वर्षांत पुण्याचे चार क्लब संपले. क्लबबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्या पाकिटाबद्दल.

तुमचे मित्र आज तोच हिशेब करत आहेत. भरलेली रक्कम भागिले पाहिलेले सामने. या भागाकारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट धरलेलीच नाही, ती म्हणजे सीझन तिकीट हातात नसते, तर तुम्ही त्या ६ पैकी किती सामन्यांना गेला असता? पुण्याहून, कामाच्या दिवशी, द्रुतगती मार्गाची गर्दी ठाऊक असताना? माझा अंदाज आहे, दोन. कदाचित अंतिम टप्प्यातला आणखी एक. तुम्ही चुकलेले ६ सामने मोजून हळहळत आहात, पण जे ६ पाहिले तेही त्या तिकिटानेच दाखवले.

मात्र एका गैरसमजात राहून पैसे भरू नका. तुमच्या तिकिटाने क्लब वाचणार नाही. भारतीय क्लबांना तिकीटविक्रीतून मिळणारे उत्पन्न खर्चाच्या मानाने फार थोडे असते. वर्षानुवर्षे तोटा सोसणारा मालक थांबला की क्लब थांबतो, हे पुण्याइतके कोणाला ठाऊक असणार? इंग्लंडमध्ये २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला उठून गेले आणि मालकांना काही दिवसांत दरवाढ मागे घ्यावी लागली. जर्मनीत तर मोजके अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मते सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे पाठीराख्याच्या हातात फक्त त्याची खुर्ची आहे. ती तुम्हाला हवी असेल तर घ्या, स्वतःसाठी आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी घ्या. क्लबवर उपकार म्हणून घेतलेत, तर पहिल्या पराभवालाच मन कडू होईल.

आता अटी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा १५ वर्षांचा करार संपत आल्यामुळे २०२५ च्या जुलैमध्ये लीग स्थगित झाली, तुमच्या क्लबमध्ये २०१९ पासून ६५ टक्के वाटा असलेला सिटी फुटबॉल ग्रुप २०२५ च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडला, आणि २०२६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या हंगामात १४ संघांना एकमेकांशी एकदाच खेळायचे असल्याने प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने आले. म्हणजे घरच्या मैदानावर सहा-सात. म्हणून वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी एक रुपयाही भरू नका. घरचे सामने किती, त्यांतले शनिवार-रविवारी किती, सामने कमी झाले किंवा मैदान बदलले तर पैसे परत मिळतात का, बाद फेरीचा सामना त्यात धरला आहे का, आणि तुम्ही जाऊ शकला नाहीत तर ते तिकीट दुसऱ्याला वापरता येते का, हे लेखी पाहा. शेवटची गोष्ट तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अंधेरीत राहणारा एखादा मित्र अर्धे पैसे द्यायला तयार झाला, तर तुमचे चुकणारे सामने वाया जाणार नाहीत. रात्री परतण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. सामना संपल्यावर बोरिवली किंवा दादरहून शिवनेरी मिळाली तरी पुण्यात पोहोचायला पहाट होऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत परत येऊ नये. मुंबईत मुक्कामाची सोय नसेल आणि बहुतेक सामने आठवड्याच्या मध्येच असतील, तर मी वर जे ठामपणे सांगितले ते तुम्हाला लागू पडत नाही. तेव्हा सुटी तिकिटेच काढा, पण वेळापत्रक आले की कोणते तीन सामने पाहायचे ते त्याच दिवशी ठरवून त्यांची तिकिटे एकदम काढून ठेवा. सकाळी उठून ठरवू, असे करू नका.

दादाशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या दिवाळीतही तो म्हणाला की, तू नूतनीकरण केले असतेस तरी त्या हंगामात बाबांना चार-पाचच सामने जमले असते. मला ते चार-पाच हवे होते. त्याने मांडलेला हिशेब माझ्याकडे अजून आहे, तो त्या कात्रणांबरोबरच ठेवला आहे. त्यात रिक्षाभाडे आहे, दोन चहा आणि एका वडापावची किंमत आहे, गुडघ्यावर लावायच्या मलमाचेही ९० रुपये धरले आहेत.